नाल्याच्या खाली पाणी ‘चांगलं’ कसं आलं? ओढ्यावरच्या पाणी तपासणी प्रशिक्षणाचं एक प्रकरण

शाळेतल्या मुलांना ओढ्यावर नेऊन पाणी तपासायला शिकवणारे उपक्रम पुष्कळ होतात आणि त्यांचे अहवालही बहुधा एकाच साच्यातले असतात: नमुने घेतले, पीएच मोजला, फोटो काढले, जागृती झाली. या प्रकरणात गोष्ट तिथे थांबली नाही. मुलांची कृती बिनचूक होती, रसायनं ताजी होती, आकडेही खरे होते. तरी त्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष साफ उलटा निघाला. तो उलटा आहे हे कसं लक्षात आलं आणि त्यानंतर प्रशिक्षणाचा आराखडा कसा बदलला, ते इथे मांडतो आहे. माझा संबंध रसायनशास्त्राच्या बाजूने, मदतनीस म्हणून.

ओढा आणि आराखडा

ओढा लहानसा. पाऊस थांबून बरेच दिवस झालेले, त्यामुळे धार बारीक, पाणी संथ आणि कुठेच गुडघ्याच्या वर नाही. वाटेत एक वस्ती लागते आणि तिचं सांडपाणी घेऊन येणारा नाला तिथे ओढ्याला मिळतो. तपासणीसाठी तीन जागा ठरल्या. पहिली वस्तीच्या वरच्या अंगाला. दुसरी नाला मिळतो तिथून थोडी खाली. तिसरी आणखी दीडेक किलोमीटर खाली, उघड्यावर, जिथे पात्र पसरट होतं आणि तळातले दगड दिसतात.

दुसरी जागा अगदी नाल्याच्या तोंडाशी घ्यायची नाही, यावर पहिल्याच दिवशी बराच खल झाला. मुलांना तिथलाच नमुना हवा होता, कारण घाण तिथे डोळ्यांना दिसते. पण तोंडाशी नाल्याचं पाणी एका काठाला चिकटून वाहतं. एका काठावरून बाटली बुडवली तर ओढा सापडतो आणि दुसऱ्या काठावरून बुडवली तर नाला. दोन्ही पाणी मिसळल्यावरच्या नमुन्याला अर्थ असतो. हे समजावण्यासाठी काठाकाठाने विद्युतवाहकता मोजून दाखवली. सांडपाण्यात क्षार जास्त असल्यामुळे डाव्या आणि उजव्या काठाच्या आकड्यांत चांगलाच फरक दिसत होता. आकडे जिथे जुळले, तिथे खूण केली. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात कामाचा धडा हाच होता, आणि तो कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेला नव्हता.

मोजायच्या गोष्टी नेहमीच्याच: तापमान, पीएच, गढूळपणा, विद्युतवाहकता, नायट्रेट, फॉस्फेट आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. रसायनांची पेटी एकच, ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची तोटीची काचनळी) एकच. साहजिकच सगळा वर्ग एकत्र, वरून खाली चालत येणार असं ठरलं: सकाळी नऊला पहिली जागा, मग दुसरी, जेवणानंतर तिसरी. या क्रमात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

पहिली फेरी

डीओचा मीटर हाताशी होता, पण वर्गाच्या मॅडमचा आग्रह विंक्लर पद्धतीचा. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही मीटरचा खरेखोटेपणा पडताळायला वापरतात. मीटर फक्त आकडा दाखवतो. विंक्लरमध्ये ऑक्सिजन रंगाने दिसतो. मॅडमचं म्हणणं मला पटलं.

बाटली तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची. ती पाण्याखालीच भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं. मग उलटी करून उजेडात धरायची. बुचाखाली मुगाच्या दाण्याएवढा जरी बुडबुडा दिसला तरी बाटली ओतून पुन्हा भरायची, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. मुलं यात फार कडक निघाली. एकमेकांच्या बाटल्या नाकारण्यात त्यांना भलताच रस होता. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यामागून अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण. बूच लावून बाटली उलटसुलट केली की तपकिरी साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त, तितका साका गडद. पहिल्या जागेचा साका गडद तपकिरी होता, दुसऱ्या जागेचा बराच फिका.

साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल. ते मॅडम स्वतः घालत, मुलं चष्मे लावून दोन पावलं मागे. साका विरघळून आयोडीन सुटतं आणि सोनेरी द्रावण होतं. त्यातलं दोनशे मिलिलिटर चंचुपात्रात घेऊन ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचं, रंग फिकट पिवळ्यावर येईपर्यंत. मग स्टार्चचे थेंब टाकले की सगळं गर्द निळं होतं आणि इथून पुढे एकेक थेंब. शेवटच्या थेंबाला निळा रंग जातो आणि पात्रात नुसतं पाणी असल्यासारखं दिसतं. द्रावणाची तीव्रता ०.०२५ नॉर्मल ठेवली की सोय अशी की जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. गणित करायलाच नको.

उरलेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये. अझाइड विषारी असतं. पाणी तपासायला जाऊन ते ओढ्यातच रिकामं करणारे गट मी पाहिले आहेत, म्हणून हे वेगळं लिहितो.

आकडे असे आले. पहिल्या जागी सकाळी नऊला पाण्याचं तापमान २३ अंश, पीएच ७.५, डीओ ७.४. दुसऱ्या जागी साडेअकराला २५ अंश, पीएच ७.२, डीओ ३.८. तिसऱ्या जागी पावणेतीनला २९ अंश, पीएच ९.०, डीओ ११.६. सगळे डीओ मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये.

पटणारं, पण चुकीचं उत्तर

वर्गात परतल्यावर तक्त्यावर तीन ठिपके काढले आणि जोडले. वरून खाली आणि पुन्हा वर. मुलांच्या पुस्तकात नेमकं असंच चित्र होतं. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून मांडलेला तो वक्र: सांडपाणी मिसळलं की त्यातले सेंद्रिय पदार्थ खाणारे जीवाणू ऑक्सिजन वापरतात, पातळी घसरते, खाली जाता जाता खाद्य संपतं, हवेतून ऑक्सिजन मिसळत राहतो आणि पातळी सावरते. नदी स्वतःला स्वच्छ करते ती अशी.

मग काय, निष्कर्ष तयारच होता. दीड किलोमीटरमध्ये ओढा पूर्ण सावरतो, इतका की खालचं पाणी वस्तीच्या वरच्या पाण्यापेक्षाही चांगलं. पोस्टरचा मथळाही ठरला. तो तसाच प्रदर्शनात लागला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं, कारण मागे आकडे होते आणि आकड्यांमागे पुस्तकातला सिद्धान्त. पुस्तकात जे वाचलंय तेच ओढ्यावर सापडलं की माणूस पुढे शोधत नाही. मोठ्यांचंही तेच होतं.

एका मुलीला मात्र प्रश्न पडला, तोही पोस्टर रंगवता रंगवता. “मॅडम, हा जास्तीचा ऑक्सिजन हवेतून आला म्हणतोय आपण. पण हवा तर वरही तीच आहे. मग खालचं पाणी वरच्यापेक्षा जास्त कसं भरलं?”

मॅडमनी लगेच उत्तर दिलं नाही. “थांब, संपृक्ततेचा तक्ता काढ,” एवढंच म्हणाल्या.

तक्ता साधा असतो: कोणत्या तापमानाला हवेच्या संपर्कातलं गोडं पाणी जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरू शकतं. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंशांवर सुमारे ९.१, २५ ला ८.३, ३० ला ७.६ मिलिग्रॅम. पाणी तापलं की त्याची ऑक्सिजन धरण्याची ताकद कमी होते. २९ अंशांना मर्यादा ७.७ च्या आसपास, आणि मुलांनी मोजलेला आकडा ११.६. म्हणजे संपृक्ततेच्या दीडपट. शांत पाण्यात हवेतून येणारा ऑक्सिजन शंभर टक्क्यांपर्यंतच नेऊ शकतो. पाणी त्यापलीकडे गेलं की उलट ते हवेला ऑक्सिजन परत करू लागतं. स्ट्रीटर-फेल्प्सचा वक्र सावरून सावरून संपृक्ततेच्या रेषेला टेकतो, ती ओलांडून वर जात नाही.

डीओ नुसत्या मिलिग्रॅममध्ये न लिहिता संपृक्ततेच्या टक्क्यांत लिहिला असता तर नदीकाठीच प्रश्न पडला असता: ८६ टक्के, ४६ टक्के, १५१ टक्के. तिसरा आकडा नजरेला टोचतोच.

आधी स्वतःच्या हातावर संशय

विचित्र आकडा आला की मुलं पटकन ‘काहीतरी चुकलं असेल’ म्हणून तो खोडतात. इथे मॅडमनी चांगली अट घातली: काय चुकलं असेल ते नाव घेऊन सांगायचं आणि ते तपासून दाखवायचं, नाहीतर आकडा ठेवायचा.

बुडबुडा राहिला असेल? दुसरी जोडबाटली होती, तिचा आकडा ११.४. दोन्ही बाटल्यांत एकाच मापाचा बुडबुडा राहणं अवघड. थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर झालं असेल? हा संशय हुशारीचा होता, कारण द्रावण कमजोर असेल तर ते जास्त लागतं आणि डीओ खोटाच जास्त दिसतो. पण मग तिन्ही जागांचे आकडे त्याच प्रमाणात फुगायला हवे होते. तरी पोटॅशियम आयोडेटचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण घेऊन थायोसल्फेट पडताळलं, ठीक निघालं. नायट्राइटमुळे जास्तीचं आयोडीन सुटलं असेल? तेवढ्यासाठीच तर अभिकर्मकात अझाइड असतं. सगळ्यात शेवटी साधं पाणी दोन बादल्यांमध्ये बराच वेळ वरून ओतून हवेशी नीट मिसळलं, त्याचा डीओ काढला आणि तक्त्याशी ताडून पाहिला. फरक नगण्य.

आकडा खरा होता. मग ऑक्सिजन आला कुठून?

याचं उत्तर मुलांना पाठ होतं. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण त्यांनी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. पण ते जीवशास्त्राच्या वहीत होतं आणि ही पेटी रसायनशास्त्राची. दोन्ही एकत्र आणायला कुणीतरी ‘तिथे शेवाळ होतं ना रे?’ म्हणावं लागलं. होतं, भरपूर होतं; एक मुलगा त्यावरून घसरलाही होता.

आणखी एक पुरावा नोंदपत्रकात आधीपासून पडून होता. तिसऱ्या जागेच्या पीएच ९.० भोवती पेन्सिलने गोल करून ‘मीटर बिघडला?’ असं लिहिलेलं होतं. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तो पाण्यात कार्बोनिक आम्ल बनवतो. तो गेला की पीएच चढतो. जास्तीचा ऑक्सिजन आणि चढलेला पीएच ही एकाच कामाची दोन टोकं होती. मीटर बिचारा बरोबर होता.

दगडाखाली

पुढच्या खेपेला रसायनांची पेटी उघडायच्या आधी दगड उलटायचे, असं ठरलं. पाण्याची प्रत तिथल्या जिवांवरून ओळखण्याची परंपरा जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्येच प्रदूषणाच्या पातळीनुसार वनस्पती आणि प्राण्यांच्या याद्या दिल्या होत्या. पांढरा ट्रे, जुना रंगाचा ब्रश आणि भिंग, याहून जास्त काही लागत नाही.

वरच्या जागी दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या कीटकाची, पाण्यात वाढणारी पिल्लं चिकटलेली होती: चपटी, शेपटाचे तीन धागे, आणि पोटाच्या दोन्ही कडांना सतत फडफडणारे कल्ले. ट्रेमध्ये पाणी थोडं तापलं तसे ते कल्ले जोरात हलायला लागले, आणि ऑक्सिजन कमी पडतोय हे सांगायला कुठल्याच द्रावणाची गरज उरली नाही. मुलांनी घाईघाईने ट्रे ओढ्यात रिकामा केला. वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या, कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळ्याही तिथे होत्या.

तिसऱ्या जागी दगडावर हिरव्या तंतूंची जाड गादी, त्यात अडकलेले चमकणारे बुडबुडे, आणि दगड उचलल्यावर खालून काळा, सडका वास येणारा गाळ. मेफ्लाय नाही, कॅडिसफ्लाय नाही. गाळात कायरोनोमिड या चिलटांसारख्या माश्यांच्या लालभडक अळ्या आणि गुंतवळ करून वळवळणारे ट्युबिफेक्स, म्हणजे गांडुळासारखे बारीक किडे. या दोघांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे अगदी थोड्या ऑक्सिजनवरही ते तगतात.

आता पेच सरळ होता. दुपारी दीडशे टक्के ऑक्सिजन असलेल्या पाण्यात फक्त थोड्या ऑक्सिजनवर तगणारे प्राणी का राहतात? डीओचा आकडा बाटली भरली त्या क्षणापुरता असतो. मेफ्लायच्या पिल्लांना मात्र तिथे कित्येक आठवडे काढायचे असतात आणि त्यातली एक वाईट रात्रही पुरे होते. रात्र हा शब्द चर्चेत पहिल्यांदा आला तो इथे, आणि तोही एका मुलाच्या तोंडून: “शेवाळ रात्री काय करतं, सर?”

पहाट

श्वास घेतं, हे उत्तर. दिवसा ऑक्सिजन सोडणारी वनस्पती रात्रीही श्वसन करतच असते. शिवाय गाळातले जीवाणू आहेतच. सूर्य मावळल्यापासून शेवाळाकडून ऑक्सिजन येत नाही, हवेतून मिसळतो त्याहून जास्त खर्च होतो, आणि खर्चाचा तळ सूर्योदयाच्या जरा आधी लागतो. तलावात किंवा ओढ्यात मेलेले मासे सकाळी सकाळी दिसतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

पहाटेच्या फेरीसाठी पालकांची लेखी परवानगी घेतली, मोठी माणसं वाढवली आणि पाण्यात कुणी उतरायचं नाही असं ठरलं. बाटली लांब दांडीला बांधून बुडवायची. सांडपाणी मिसळलेल्या ओढ्यावर हातमोजे, उघड्या जखमांवर पट्टी आणि नंतर साबणाने हात धुणं हे एरवीही हवंच. पण या वेळचा खरा बदल वेगळा होता. तीन गट, तीन जागा, एकच वेळ. दोन जादा पेट्या उसन्या आणल्या. पहिल्या फेरीत जागा आणि वेळ एकदमच बदलत गेले होते. वरची जागा नेहमी सकाळची आणि खालची नेहमी दुपारची. त्यामुळे फरक जागेचा की घड्याळाचा, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं.

तिसऱ्या जागेच्या गटाने बाटलीत दोन्ही द्रावणं सोडली, बाटली हलवली, आणि साका आला जवळजवळ पांढरा. विजेरीच्या उजेडात किंचित मळकट, एवढंच. मुलांना वाटलं, आपण एक द्रावण घालायचं विसरलो. त्यांनी दुसरी बाटली भरली. तीही तशीच. ऑक्सिजन नसला की मँगनीजचा साका पांढराच राहतो, हे त्यांना सांगितलेलं होतं, पण कुणी पाहिलेलं नव्हतं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे थायोसल्फेट मोजून सोडताना, निळा रंग ब्युरेट उघडताच गेला.

पहाटे साडेपाचचे आकडे: पहिली जागा ६.९, दुसरी ३.१, तिसरी १.६. त्याच दिवशी दुपारी अडीचला, पुन्हा तिन्हीकडे एकाच वेळी: ८.१, ४.९ आणि ११.९. तिसऱ्या जागेचा पीएच पहाटे ७.३ आणि दुपारी पुन्हा ९ च्या वर.

बहुतेक मासे पाच मिलिग्रॅमच्या वर निवांत असतात आणि दोनच्या आसपास तडफडायला लागतात, हे लक्षात घेतलं तर ‘सगळ्यात स्वच्छ’ ठरलेली जागा पहाटे तिन्हींत वाईट होती. नाल्याच्या तोंडाजवळच्या जागेपेक्षाही. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग वाटेत बराचसा संपला असेलही, पण त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस कुठे गेलेलं नव्हतं. उघड्या, उथळ, उन्हाच्या पात्रात ते शेवाळाला खत म्हणून मिळत होतं. ओढा सावरला नव्हता, त्याचा आजार बदलला होता.

चढलेल्या पीएचचा एक उपद्रव मुलांना अनपेक्षित होता. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, मुक्त अमोनिया माशांना विषारी. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, पीएच ९ ला तो एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे पाण्यात अमोनिया असलाच तर पहाटे ऑक्सिजनचा तुटवडा आणि दुपारी विष, असा दुहेरी मार. दुपारचा भरपूर ऑक्सिजन पाहून खूश व्हायला जागाच नाही.

या चढउताराकडे फक्त अडथळा म्हणून पाहू नये. हॉवर्ड ओडम या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखवलं की वाहत्या पाण्यातला दिवसरात्रीचा ऑक्सिजनचा आलेख घेतला की त्यावरून त्या प्रवाहात किती प्रकाशसंश्लेषण आणि किती श्वसन होतं याचा हिशोब मांडता येतो. आपल्या वर्गाला तेवढा हिशोब झेपला नसता. पण दर दोन तासांनी डीओ मोजणारा एक चोवीस तासांचा आलेख त्यांनी मीटर लावून काढला, आणि तो पोस्टरवर मधोमध गेला. जुना मथळा खाली आला.

आराखड्यात काय बदललं

नोंदपत्रकात ‘वेळ’ हा रकाना आधीही होता, पण सगळ्यात शेवटी, आणि अर्ध्या पानांवर रिकामा. आता तो पहिला आहे; त्याला लागून आकाश कसं होतं, पाण्यावर सावली होती का, शेवटचा पाऊस कधी झाला. डीओच्या शेजारी संपृक्ततेचा टक्का काठावरच काढायचा. तक्ता लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

दगड आधी, रसायन नंतर, हा क्रम कायम झाला. यावर मॅडमशी माझा थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मुलांना किडे आवडतात, मग टायट्रेशनला मन लागत नाही. ते खरं आहे. तरी मला हाच क्रम हवा, कारण किडे बघून मुलं अंदाज बांधतात, ‘इथे ऑक्सिजन कमी असणार’, आणि मग ब्युरेटमधल्या प्रत्येक थेंबाला काहीतरी पणाला लागलेलं असतं. अंदाज आधी कागदावर लिहून ठेवायचा, खोडायचा नाही.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातले जीव किती ऑक्सिजन खर्च करतात त्याच्या चाचणीत मात्र फारसा बदल केला नाही, फक्त वेळ ठरवून दिली. अंधारात, २० अंशांना, पाच दिवस बाटली ठेवून किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजायचं. मुलं हमखास विचारतात, पाचच दिवस का? ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात पाच दिवसांचं माप घेतलं, आणि कारण असं सांगितलं जातं की तिथल्या नद्यांचं पाणी तेवढ्या काळात समुद्राला मिळतं. एका बेटाच्या भूगोलावरून ठरलेला आकडा जगभर चालतो आहे. तिसऱ्या जागेच्या बीओडीत शेवाळाचं स्वतःचं श्वसनही धरलं जातं, त्यामुळे तो सगळा नाल्याच्या नावावर घालता येत नाही, एवढं अहवालात लिहायला लावलं.

स्थानिक प्रशासनाला दिलेल्या अहवालात मुलांनी ‘प्रदूषित’ हा शब्द टाळला आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ घातली. बैठकीत त्यांना विचारलं गेलं, नाला वळवला तर ओढा किती दिवसांत सुधारेल? मुलांनी सांगता येणार नाही म्हणून सांगितलं. गाळात साठलेलं फॉस्फरस ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतं, त्यामुळे नाला बंद झाला तरी शेवाळाची शिदोरी काही काळ पुरते. असं ठाम न बोलणारं सादरीकरण ऐकणाऱ्यांना फिकं वाटलं, हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

अजून न सुटलेलं

नायट्रेटचे आकडे अजून बसत नाहीत. दुसऱ्या जागी नायट्रेट कमी आहे आणि तिसऱ्या जागी त्याच्या दुपटीहून जास्त. मुलांचा कल सरळ आहे: मधल्या शेतांमधून खत उतरत असणार. असेलही. पण ताज्या सांडपाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतं, आणि खाली वाहता वाहता जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. तसं असेल तर बाहेरून काहीच न मिसळता नायट्रेट वाढलेलं दिसेल. वेगळं करायचं तर अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट या तिन्हींमधल्या नायट्रोजनची बेरीज दोन्ही जागी करावी लागेल. बेरीज खाली बरीच वाढली तर मधे दुसरा स्रोत आहे. सारखी राहिली किंवा थोडी घटली तर वाढ नाल्याच्याच अमोनियाची. शेवाळ त्यातलं काही खातं, त्यामुळे घट झाली तर निकाल सांभाळून वाचावा लागेल.

पेटीत अमोनियाची चाचणी नव्हती. नेस्लरचं अभिकर्मक स्वस्त आणि सोपं आहे, पण त्यात पारा असतो. मुलांच्या हाती ते द्यायला मी तयार नाही. सॅलिसिलेट पद्धतीचं साहित्य मागवलं आहे. तिला वेळ जास्त लागतो, रंग हिरवा येतो आणि पहाटेच्या उजेडात तो वाचणं कठीण जाणार, म्हणून नमुने बर्फात ठेवून वर्गात आणायचे आणि त्याच दिवशी तपासायचे असं ठरलंय.

पुढच्या तुकडीला तिसऱ्या जागेचं गुपित आधी सांगायचं की नाही, यावर एकमत नाही. वेळ वाचवायचा तर सांगावं, असं मॅडमना वाटतं. मी म्हणतो, त्यांना दुपारीच तिथे न्या, ११ चा आकडा येऊ द्या आणि पोस्टरचा मथळाही लिहू द्या.